दगडातून उठलेली जनावरं आणि माझा दादा

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आम्ही दोघं कामरगावात वाढलो. बाबा वीज मंडळात लाइनमन होते आणि आई घर सांभाळून बचत गटाचं काम पाहायची. दादा आठवीत असताना पुण्याचा मावसभाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि जाताना त्याचा जुना हातातला गेम आमच्याकडे ठेवून गेला. त्याचं बिजागर मोडलेलं होतं, म्हणून दादा त्याला रबर गुंडाळून ठेवायचा. त्या गेममध्ये आपण एक पोरगा असतो. घर सोडून निघतो, गवतातून, डोंगरातून फिरत जातो, वाटेत भेटतील ती चित्रविचित्र जनावरं पकडतो, पाळतो, दुसऱ्यांच्या जनावरांशी लढवतो. जगातलं प्रत्येक जनावर आपल्याकडे जमा करायचं, हे त्यातलं शेवटचं काम.

गेम इंग्रजीत होता. आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत, पण मला डिक्शनरी पाहायची आवड होती. बटणं दादा दाबायचा आणि अर्थ मी सांगायचे. असे आम्ही त्या गेममध्ये पुढे सरकत गेलो आणि एका बोगद्यात पोचलो. तिथं चष्मा लावलेला एक माणूस दोन दगड घेऊन बसला होता. एका दगडात शंखासारखं वेटोळं होतं, दुसऱ्यात पिसाचा ठसा. मी वाचून दाखवलं की यातला एकच घ्या, दुसरा मी ठेवतो. मला पीस पाहिजे होतं, दादाला वेटोळं. आमचं इतकं भांडण झालं की आईनं गेम उचलून धान्याच्या कोठीवर ठेवला. दोन दिवसांनी परत मिळाला तेव्हा दादानं मला न विचारता वेटोळं घेतलं.

तो दगड घेऊन पुढे एका बेटावरच्या प्रयोगशाळेत जायचं असतं. तिथला शास्त्रज्ञ दगड आत नेतो आणि म्हणतो, जरा बाहेर चक्कर मारून या. दादा दारातून बाहेर गेला, परत आत आला, आणि तेवढ्यात ते जनावर जिवंत झालं होतं. पाठीवर वेटोळं, समोर दोन मोठे डोळे. गेममध्ये प्रत्येक जनावराची थोडी माहिती लिहिलेली असते. मी डिक्शनरी काढून ती वाचली. हे जनावर फार पूर्वी समुद्रात राहायचं, सगळी मेली, विज्ञानानं दगडातून परत आणलं, खरं कसं दिसायचं ते कोणालाच नक्की माहीत नाही.

दुसरा कोणी असता तर त्यानं लगेच ते लढायला सोडलं असतं. दादा नुसता बघत बसला. म्हणाला, "याचं तर कोनीच नाही ना आता. याले कोन वळखन?"

त्यानं ते जनावर कधीच लढवलं नाही. ते कायम पहिल्या जागेवर ठेवायचा आणि लढाई आली की मागच्या एखाद्याला पुढे करायचा. त्यात त्याची एक चाल वाया जायची आणि पुष्कळ वेळा तो हरायचा. मी चिडायचे. तो म्हणायचा, एवढ्या वर्षांनी जागं झालं बिचारं, त्याला मार खायला कायले पाठवू.

पुढे दादानं कारंज्याला आयटीआय केलं आणि कामरगावच्या बस थांब्याजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याचा वर्गमित्र त्याच्यासोबत भागीदार होता. मी बी.एड. करून गावातल्याच एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. गेम आता दादाच्या फोनमध्ये आला होता. त्याचे नवे नवे भाग निघत, आणि प्रत्येक भागात दगडातून उठवायची नवी जनावरं असत. तेवढ्यासाठी तो प्रत्येक भाग खेळायचा. इंग्रजी आता त्याला चांगलं समजत होतं, तरी नवं जनावर मिळालं की फोन माझ्यापुढे धरायचा आणि अर्थ सांग म्हणायचा. मी पण मास्तरणीच्या आवाजात सांगायचे.

मामांचं शेत आसेगावला. एका उन्हाळ्यात मामांनी विहीर खोल केली. काळा खडक फोडत फोडत खाली गेले तर त्याखाली पांढुरक्या दगडाचा थर लागला. मामांनी दादाला फोन करून सांगितलं की दगडात स्क्रूसारखं काहीतरी आहे, येऊन पाहा. दादा दुकान मित्रावर सोडून गेला आणि संध्याकाळी मोटारसायकलवर थैलीभर दगड घेऊन आला. स्वयंपाकघरात आईच्या ओट्यावर त्यानं ते मांडले. बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी होत्या त्यात, दगड झालेल्या. काहींची वेटोळी इतकी स्पष्ट होती की आई म्हणाली, कालच चिकटल्यासारख्या दिसतात.

दादानं फोनवर कायकाय वाचून काढलं. आपल्या भागात जमिनीतून तापलेला दगडाचा रस, म्हणजे लाव्हा, वाहत आला, त्याचा हा काळा खडक झाला. तो रस एकदा येऊन गेल्यावर मध्ये पुष्कळ काळ शांतता होती, तेव्हा इथं तळी साचली, त्यात गोगलगायी राहिल्या, मग पुन्हा रस आला आणि सगळं झाकून गेलं. हे तो आम्हाला जेवताना सांगत होता आणि त्याची भाकर ताटात तशीच होती. मला म्हणाला, "गेममधी आपल्याले एकच घ्या म्हने. इथं वावरभर पडले आहेत."

त्यानंतर तो बहुतेक रविवारी आसेगावला जायला लागला. विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग वावराच्या धुऱ्याला, बांधावर पडला होता, त्यात तो बसून राहायचा. ढिगाला लागूनच मामांचं शेततळं होतं. मोठा चौकोनी खड्डा, त्यात काळ्या प्लास्टिकची पन्नी अंथरलेली. पावसाळ्यानंतर ते काठोकाठ भरलेलं असे. मोटारीला विजेची लाइन असली की दादा पाइपाखाली दगड धुवायचा, लाइन नसली की शेततळ्यावर. मामींनी त्याला सांगून ठेवलं होतं की काठावर बसू नको, पन्नी शेवाळली आहे. तो हो म्हणायचा.

सोयाबीन निघून गेलं होतं आणि तुरी फुलावर होत्या, त्या दिवसांतला एक रविवार. मी घरी चाचणीचे पेपर तपासत होते. मामी दादासाठी चहा घेऊन वावरात गेल्या तेव्हा त्यांना ढिगाजवळ त्याची थैली दिसली, चपला दिसल्या, तो दिसला नाही. मग त्यांनी तळ्याकडे पाहिलं. काठाच्या पन्नीवर शेवाळ खरवडून घसरल्याचा पट्टा होता. पाणी हलतही नव्हतं.

मामींच्या ओरडण्यानं मामा धावत आले आणि शेजारच्या वावरातून त्या वावरवाल्यांचा जावई आला. तो फौजेत होता, सुट्टीवर आला होता. कमरेला दोर बांधून तोच उतरला. दादाला वर काढलं तेव्हा त्याचा श्वास चालत नव्हता. त्या माणसानं तिथंच धुऱ्यावर त्याला उताणं टाकून छाती दाबायला सुरुवात केली. मामा रडत म्हणाले की आता राहू द्या, गेलं पोरगं. त्यानं ऐकलं नाही. जीप येईपर्यंत तो दाबतच राहिला, मध्ये मध्ये तोंडातून श्वास देत राहिला, आणि जीप आली तेव्हा दादाला उलटी झाली, छाती हलली. मामी अजूनही हे कोणालाही सांगताना म्हणतात, "त्यानं माह्या भाच्याले परत आनलं."

अकोल्याच्या दवाखान्यात दादा कितीतरी दिवस मशीनवर होता. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं सुधारत आहेत, पण मेंदूला मधे काही वेळ ऑक्सिजन मिळाला नाही, तेव्हा जागा झाल्यावर तो कसा असेल ते आता सांगता येत नाही. मी हे आईला अर्धंच सांगितलं. आई बाहेरच्या बाकावर बसून त्रिशरण म्हणत होती. आमच्या शेजारच्या बंजारा काकूंनी पोहरादेवीला नवस बोलला होता. दादानं डोळे उघडले त्या दिवशी काकू गर्दीच्या जीपमध्ये उभ्यानं जाऊन नवस फेडून आल्या, आणि प्रसाद घेऊन थेट अकोल्याला पोचल्या. आम्ही त्यांच्या देवाचे नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. आईनं दोन्ही हातांनी प्रसाद घेतला.

घरी आणलं त्या दिवशी पेढे वाटले. ओटीवर माणसं मावत नव्हती. पुनर्जन्म झाला, जसा होता तसा परत आला, असं प्रत्येक जण म्हणत होता. दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता आणि जो बोलेल त्याच्याकडे पाहत होता. गर्दी कमी झाल्यावर तो आईला म्हणाला, "आई, तुमी मले पानी देता काय?"

आई हसली. तिला वाटलं, गंमत करतो. आमच्याकडे आईला कोणी तुम्ही म्हणत नाही. तिनं पाणी दिलं. त्यानं पेला रिकामा करून परत दिला आणि म्हणाला, "तुमी पन बसा." तेव्हा आईचा चेहरा बदललेला मी पाहिला.

त्याला आमची सगळ्यांची नावं येत होती. कोण आई, कोण बाबा, मी कोण, हे विचारलं की बरोबर सांगायचा. पण शाळेत पाठ केलेलं सांगावं तसं. मलाही तो तुमी म्हणायचा. पूर्वी मेथीच्या भाजीचं ताट सरकवून द्यायचा, आता पुढ्यात येईल ते खायचा. त्याचे हात थरथरायचे. मित्रानं एकदा दुकानात नेऊन त्याच्या हातात बारका पेचकस दिला तर तो त्याच्या टोकाकडे बघत राहिला, मग काउंटरवर ठेवून दिला आणि मला घरी न्या म्हणाला.

सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो भेटायला येणाऱ्यांचा. आला की प्रत्येक जण समोर बसून परीक्षा घ्यायचा. मी कोण, ओळख बरं. आपण सोबत कुठं गेलो होतो, सांग बरं. त्याला सांगता आलं की ते आमच्याकडे पाहून मान हलवायचे, नाही आलं की चुकचुकायचे. एका दिवशी आमच्या चुलत्यांनी असं तीनदा विचारल्यावर दादानं हातातला पाण्याचा पेला त्यांच्या अंगावर फेकला. दादानं कधी कोणावर आवाज चढवलेलाही आम्ही पाहिला नव्हता. चुलते उठून गेले ते परत आले नाहीत.

डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की ओळखीच्या वस्तू, ओळखीची कामं हळूहळू त्याच्यापुढे ठेवा. मला गेम आठवला. त्याचा फोन पाण्यात गेला होता, पण त्यानं खेळून ठेवलेलं सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर होतं. मित्रानं ते माझ्या फोनमध्ये टाकून दिलं. एका दुपारी मी दादाजवळ बसून गेम उघडला. लहानपणचाच तो भाग, दादानं मोठेपणी पुन्हा पहिल्यापासून खेळलेला, आणि पहिल्या जागेवर तेच वेटोळ्याचं जनावर.

"हे पाय, तुहं जनावर," मी म्हणाले.

"कोनाचं?"

मी त्याला सगळं सांगितलं. बोगदा, चष्म्याचा माणूस, आमचं भांडण. तो लक्ष देऊन ऐकत होता. मी फोन त्याच्या हातात दिला. बोटं थरथरत असल्यामुळे बटणं भलतीच दाबली जात होती. तो गवतात शिरला, समोर एक रानटी जनावर आलं, आणि त्यानं दिसेल ते बटण दाबलं. वेटोळ्याचं जनावर पहिल्यांदाच लढलं. दोन फटक्यांत खाली पडलं. पडद्यावर लिहून आलं की ते बेशुद्ध झालं आहे. दादानं ते वाचलं आणि फोन मला परत दिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी उठून मागच्या नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

मित्र मात्र आशा सोडत नव्हता. तो एका संध्याकाळी गेमचा नवा भाग घेऊन आला. आई तेव्हा दादाला भरवत होती. हात जास्त थरथरले की तो सांडायचा, म्हणून ती वरणभाताचे घास करून द्यायची. मित्र खाटेच्या कडेवर बसला आणि उत्साहात सांगायला लागला की या भागात पूर्ण दगड मिळतच नाही, अर्धे अर्धे मिळतात. कोणाचं तोंड, कोणाची शेपटी. शास्त्रज्ञ बाई त्यातले कोणतेही दोन जोडून देते आणि जिवंत करते. त्यानं एक जनावर दाखवलं. धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं आणि तेही उलटं बसवलेलं. खाली माहितीत लिहिलं होतं की याला श्वास घ्यायला आणि खायला फार त्रास होतो. मित्राला ती गंमत वाटत होती. मला वाटलं, त्यानं हे बंद करावं. पण दादा वाकून बघत होता. जागा झाल्यापासून इतकं मन लावून त्यानं काही पाहिलं नव्हतं.

"मंग तो जेवते कसा?" त्यानं विचारलं.

मित्र म्हणाला की माहीत नाही, गेम आहे तो.

"कोनाले तरी भरवा लागत असन त्याले," दादा म्हणाला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

आईचा हात ताटातच राहिला. नंतर तिनं घास दिला, उरलेला भात पण भरवला, त्याचं तोंड पुसलं. मित्र गेल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली की तो गेम या घरात पुन्हा दिसू देऊ नको.

तिनं तिचा उपाय सुरू केला. रोज सकाळी आंघोळ झाली की फोटोंचा अल्बम घेऊन त्याच्याजवळ बसायची. हा तू पहिलीत, हा तू दीक्षाभूमीवर, हा तुझा निकाल लागला तेव्हाचा. शेवटी त्याला शिकवायची, आईले तू म्हंतात बाळा, म्हन बरं. तो म्हणायचा, "तू." ती पाणी विचारायची. तो म्हणायचा, "द्या." बाबा हे चालू असताना चप्पल घालून बाहेर निघून जायचे.

होळी होऊन गेली होती. एका दुपारी मी शाळेतून आले तर दार सताड उघडं. आई बचत गटाच्या बैठकीला गेली होती, बाबांचा डोळा लागला होता, खाट रिकामी. मी बस थांब्यावर धावले. काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं की तुमचा भाऊ कारंज्याच्या जीपमध्ये बसून गेला, त्यानं मंगरूळची गाडी कुठून लागते तेही विचारलं. मंगरूळ म्हणजे आसेगावची वाट, मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. मामांना फोन लावला तर रेंज नाही. मित्रानं दुकानाचं शटर ओढलं आणि मला मोटारसायकलवर घेतलं. आसेगाव येईपर्यंत माझ्या मनात काय काय आलं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही.

शेततळ्याभोवती मामांनी तुराट्यांचं कुंपण केलं होतं. दादा कुंपणाच्या अलीकडे, दगडांच्या ढिगावर बसलेला दिसला. मित्र धुऱ्यापाशीच थांबला. मी जाऊन दादाच्या शेजारी बसले. त्याच्या पायाशी गोगलगायींचे काही दगड होते. त्यानं ते निवडून ठेवले होते की नुसते तिथं पडले होते, मला कळलं नाही.

"काहून आला इथं?" मी विचारलं.

"पाहाले. सगळे म्हंतात मी इथं मेलो होतो."

मी म्हणाले की मेला नव्हता, बुडाला होता, वेळेवर काढलं.

तो तळ्याकडे बघत होता. उन्हाळा लागल्यामुळे पाणी खाली गेलं होतं आणि पन्नीचा कोरडा काठ दिसत होता. मग तो बोलला. इतकं लांब बोललेलं मी त्याला दवाखान्यातून आल्यापासून ऐकलं नव्हतं.

"तुमी लोकं ज्याले शोधून राह्यले ना, तो मले भेटत नाही. मी लय कोशिश केली. फोटो पाह्यले, नावं पाठ केले. तुमी सगळे चांगले आहा. आई रडते, मले दिसते. पन मी तो नाही. मले तो बनता येत नाही."

मी त्याला समजवायला पाहिजे होतं. डॉक्टर बाई म्हणाल्या आहेत की वेळ लागेल, असं सांगायला पाहिजे होतं. पण त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दमलेला माणूस ओझं खाली ठेवतो तसा तो बोलला होता, आणि ते ओझं उचलून परत त्याच्या डोक्यावर द्यायला माझा हात धजला नाही.

"मंग नको बनू," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आईले चालन?"

नाही चालणार, मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

तो घरी यायला तयार झाला नाही. मामांच्या घरी राहतो म्हणाला. आई दुसऱ्या दिवशी सकाळी आसेगावला आली, रडली, रागावली, मामांवरही रागावली. ज्या तळ्यानं माझं पोरगं नेलं त्याच्या काठावर मी त्याला ठेवू का, असं तिचं म्हणणं होतं. ते चूक नव्हतं. शेवटी बाबा बोलले. इतक्या महिन्यांत त्यांनी कशावरच मत दिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "राहू दे त्याले." मामांनी त्याच आठवड्यात तुराट्या काढून लोखंडी जाळी लावली आणि दाराला कुलूप घातलं.

दादा अजून तिथंच आहे. मामांच्या शेळ्या पाहतो. हात थरथरतात, पण शेळ्यांना त्याचं काही वाटत नाही. सकाळी त्यांना घेऊन धुऱ्याधुऱ्यानं निघतो, दुपारी बाभळीखाली बसतो. कोणती शेळी लंगडते, कोणतीनं चारा सोडला, हे त्याला मामांच्या आधी कळतं. मामींशी त्याचं चांगलं जमतं. त्या त्याला आठवतं का असं कधी विचारत नाहीत. आणि मामीला तर सगळेच तुमी म्हणतात, त्यामुळे त्यांच्या घरात त्याच्या तोंडचा तो शब्द कोणाला लागत नाही. गोगलगायींच्या दगडांकडे तो ढुंकून पाहत नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाला की त्यात काय आहे, गोटे आहेत. गेम मी माझ्या फोनमधून काढलेला नाही, पण उघडतही नाही.

मी रविवारी जाते. बऱ्याचदा आईही येते. मागच्या पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी गेलो होतो. आई आत मामींशी बोलत होती. मी आणि दादा शेळ्यांच्या कोठ्याबाहेर बाजेवर बसलो होतो, त्याच्या मांडीवर नुकतं जन्मलेलं करडू होतं. त्यानं अचानक विचारलं, "तो कसा होता वो?"

मला आधी कळलं नाही कोण. मग कळलं. मी सांगायला लागले. फार बोलायचा असं नाही, पण मनात आलं की सांगितल्याशिवाय राहायचा नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचे फोन दुरुस्त करून वर त्यांना वापरायला शिकवायचा. लहानपणी गेममध्ये एक जनावर होतं त्याच्याकडे, त्याला मार बसू नये म्हणून स्वतः हरायचा. बहिणीशी भांडायचा, पण ती कारंज्याला शिकायला होती तेव्हा दर शनिवारी तिला घ्यायला बस स्टँडवर उभा राहायचा. एखाद्या परगावच्या माणसाबद्दल सांगावं तसं मी सांगत गेले, आणि असं सांगताना मला पहिल्यांदाच रडू आलं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. करडाच्या कानामागे खाजवत म्हणाला, "चांगला होता म्हना मंग."

"हव," मी म्हणाले. "लय चांगला होता."

मागे काहीतरी वाजलं म्हणून पाहिलं, तर आई दारात उभी होती. तिनं किती ऐकलं ते मला कळलं नाही. ती आत गेली. निघताना तिनं दादाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यानं "सांभाळून जा तुमी" म्हटलं, आणि आम्ही जीपमध्ये बसलो. मंगरूळ मागे पडल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जितं लेकरू आहे माहं. होता काय म्हंतेस त्याले?"

मी दादाला सोडून दिलं असं तिला वाटतं, आणि ती त्याला सोडत नाही असं मला वाटतं. घरी आल्यावर ती आठवडाभर कामापुरतंच बोलली. मी मनाशी ठरवलं होतं की यापुढे एकटीच जाईन, तिला सोबत नेऊन तिला आणि दादाला त्रास नको.

पुढच्या रविवारी मी तयार होऊन थांब्यावर पोचले तर ती माझ्याआधीच येऊन जीपमध्ये खिडकीशी बसली होती. पिशवी मांडीवर घेऊन तिनं माझ्यासाठी जागा केली.